न विचारता उठायचं

मागे शांतता होती, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या वर्गात शांतता असायचीच. टाचणी पडली तर ऐकू यावी असा वर्ग, म्हणून शाळेत तिचं नाव टाचणीबाई पडलं होतं. मुलं माघारी म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि तिला राग येण्याऐवजी आतून थोडं बरंच वाटे. ती फळ्यावर पानाची आकृती काढत होती. देठ, मग पान, मग मधली शीर, मग तिला फुटलेल्या बारीक शिरा. खडू मोडला म्हणून दुसरा घ्यायला ती वळली आणि वळल्या जागी थबकली. सगळा वर्ग नाक धरून बसला होता. कोणी चिमटीत, कोणी तळव्याखाली, कोणी सदऱ्याची कॉलर वर ओढून. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि ते सगळे डोळे तिच्याकडे लागले होते. आधी तिला वाटलं, चेष्टा चाललीये. तिने हवा आत ओढून पाहिली. हवेत काही नव्हतं. तिच्यासाठी हवेत कधीच काही नसे.

"हे काय चाललंय? नाकं का धरलीत?"

मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. अंगाने इवलीशी आणि आवाजानेही तेवढीच, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. बाईंनी मान हलवल्यावरच ती उभी राहिली. "बाई, वास येतोय."

"कधीपासून?"

"तुम्ही देठ काढत होतात तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही लिहीत होतात."

चिमणीच्या सुरात तक्रार नव्हती. बाई लिहीत असताना बोलायचं नाही, हा बाईंचाच नियम होता, आणि तो पाळल्याची ती फक्त पोच देत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी खोकता खोकता वाकली आणि ओकली, आणि ओकून झाल्यावर तिने आधी बाईंकडे पाहिलं, आपल्या हातून फार मोठा गुन्हा घडल्यासारखं. "बाहेर चला," बाई ओरडल्या, "सगळे. दप्तरं राहू द्या." दप्तरं राहू द्या म्हटल्यावरही काहींनी पुस्तकं मिटली, एकाने पेनाला टोपण लावलं.

प्रकार साधाच निघाला. मजल्याच्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहात साफसफाईच्या मावशींनी फरशीवरचा डाग हटेना म्हणून ॲसिड ओतलं होतं आणि त्यानेही हटेना म्हणून वर ब्लीच. दोन्हींचा मिळून क्लोरीन होतो, हे त्या मावशींना कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. वर्गाचं मागचं दार त्याच बाजूला उघडायचं. फळा दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. खिडक्या उघडल्या गेल्या, मावशींना मोकळ्या हवेत बसवून पाणी दिलं, ओकलेल्या मुलीला आई येऊन घेऊन गेली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळं निवळलं. मुख्याध्यापक खोलीत पंख्याखाली उभे होते. मऊ आवाजाचा, मऊ हातांचा माणूस; शाळेचं नाव बाहेर कसं घेतलं जातं याची त्यांना सतत धास्ती असायची. ते म्हणाले, "बाई, दुसऱ्या वर्गात नुसती पळापळ झाली असती. चेंगराचेंगरी झाली असती. तुमच्या वर्गातलं एकही मूल जागचं हललं नाही. मी सगळ्यांना सांगणार आहे. याला म्हणतात शिस्त." ती मान हलवून खोलीबाहेर पडली.

घरी जाताना ते वाक्य तिच्याबरोबर चालत होतं. एकही मूल जागचं हललं नाही. रस्त्यावर डांबराचं काम चालू होतं, माणसं नाकाला रुमाल लावून जात होती, आणि तिने सवयीने रुमाल लावला. हे सगळं ती बघून बघून शिकली होती. चेहरे बघायचे, आणि जिथे चेहरे आक्रसतात तिथे आपणही आक्रसायचं. बेकरीपुढून जाताना थोडं थांबायचं, कारण लोक थांबतात. घरी दूध नासलंय का ते नवरा हुंगून सांगे, गॅसचं बटण तो दोनदा बघे. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि तो म्हणायचा, लोकांच्या डोळ्यांचं मी बघतो आणि तुझ्या नाकाचं. शाळेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विज्ञानाची बाई, प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि तिला वास येत नाही; असं कोण सांगेल? चष्मा लावणाऱ्याचं दिसतं, काठी घेणाऱ्याचं दिसतं. तिचं दिसत नव्हतं, म्हणून नव्हतंच.

पण होतं. तिच्या आठवणींचे त्या एका दुपारी दोन भाग झाले होते. त्या दुपारच्या आधीच्या आठवणींना वास आहे, नंतरच्या नुसत्या चित्रांसारख्या. आधीच्यात ताईच्या तळहाताला खोडरबराचा वास येतो, काकांच्या सदऱ्याला साबणाचा आणि घामाचा, वळणावरच्या त्या कसल्याशा खरबरीत पानांच्या झाडाला उन्हाचा. शाळा सुटल्यावर काका त्या दोघींना न्यायला यायचे. त्या दुपारी वळणावर टँकर कलंडला होता. एक चाक हवेत फिरत होतं. खालून काहीतरी वाहत होतं आणि वाहता वाहता पांढरं होत होतं, आधी दुधासारखं आणि मग धुक्यासारखं. केबिनमध्ये ड्रायव्हर अडकलेला दिसत होता. काकांनी दोघींना त्या झाडाखाली उभं केलं. "मी येईपर्यंत जागच्या हलायचं नाही. कळलं?" दोघी म्हणाल्या, कळलं. काका धावत गेले. भला माणूस, ड्रायव्हरला त्यांनीच खेचून काढलं, पुढे त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला. इकडे ते पांढरं जमिनीलगत सरपटत आलं. आधी त्यात बूट बुडाले. त्यात काही वाईट आहे असं वाटलंच नाही, मजाच वाटली. "ताई, जाऊ या?" तिने विचारलं. ताईने तिचा हात घट्ट धरला. "काका म्हणालेत ना." मग गुडघे दिसेनासे झाले. मग ते श्वासात आलं, आणि नाकात कोणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं, आणि ताई खोकत होती, खोकता खोकता खाली बसत होती, पण जागेवरच बसत होती, आणि तिचा हात सोडत नव्हती. तो शेवटचा वास. त्याला नाव नाही.

आणि मग दवाखान्यात काका खाटेपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, डोळे पुसत सांगत होते, "पोरी जागच्या हलल्या नाहीत हो. एवढं अंगावर आलं, पण सांगितलेली जागा सोडली नाही." डॉक्टर मान हलवत. आई पदराने तोंड झाकून रडे, पण त्या रडण्यातही कुठेतरी अभिमान होता. पुढे किती वर्षं ते घरात सांगितलं गेलं. पाहुणे आले की तिला बोलावून उभं करायचं आणि सांगायचं, हीच ती. ताईचा आवाज त्या दुपारी फाटला तो पुन्हा जुळला नाही, जिना चढताना तिला मधे थांबावं लागायचं, पण त्याचं कोणी सांगत नसे. सांगायचं ते उभं राहण्याचं. आणि ती, धाकटी, त्या कौतुकात वाढली. मोठी झाली, शिक्षिका झाली, आणि जे एक तिला उत्तम येत होतं तेच तिने मुलांना शिकवलं.

तिने ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या शहरात राहत होती. "बोला," पलीकडून घोगरा आवाज आला, "आज सकाळी एका माणसाने मला फोनवर परत दादा म्हटलं. मीही बोलून घेतलं दादासारखं." दोघी हसल्या. हसताना ताईला धाप लागली, ती ओसरेपर्यंत ही थांबली. मग तिने वर्गातलं सांगितलं. नाकं धरलेली मुलं, ओकलेली मुलगी, मुख्याध्यापक काय म्हणाले ते.

"ताई, तुला काकांचा राग येतो गं?"

"काकांचा? छे. त्यांना वाटलं, उभं राहिलेलं मूल परत सापडतं. कोणालाही वाटेल. मला त्या कौतुकाचा राग येतो. लोक गालावरून हात फिरवायचे ना, तेव्हा मला वाटायचं, एकदा, एकदा तरी कोणीतरी खेकसावं माझ्यावर. अगं बावळटांनो, पळाला का नाहीत! कोणी म्हटलंच नाही. आई गेली, काका गेले. आता कोण म्हणणार?"

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, वर्गाच्या दारात पाऊल टाकताना तिचं ठरलं. सगळे उभे राहिले, तिने बसा म्हटल्यावर बसले. "काल तुम्ही फार शहाण्यासारखे बसलात," ती म्हणाली. काही चेहरे खुलले. "पुन्हा तसं बसायचं नाही." खुललेले चेहरे तसेच अधांतरी राहिले. "वेगळाच वास आला, डोळे चुरचुरले, घसा खवखवला, कुठे धूर दिसला, कुठे काही सांडलेलं दिसलं, तर मला विचारायचं नाही. मी लिहीत असले तरी, बोलत असले तरी, ओरडत असले तरी. उठायचं आणि बाहेर पडायचं. कळलं?" "हो बाई," सगळे एका सुरात म्हणाले, आणि त्या एका सुराने तिच्या अंगावर काटा आला. ती फळ्याकडे वळली. "समजा, आत्ता वास आला. मी लिहितेय." ती लिहीत राहिली. मागे चुळबुळ झाली आणि थांबली. तिने वळून पाहिलं. सगळे बसलेले, आणि चिमणीचा हात वर.

"काय?"

"बाई, उठू का?"

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. किती सहज जमलं होतं यांना बसवणं, आणि उठवणं किती अवघड जात होतं. दिवसामागून दिवस तिने तेच केलं. कधी एखादा अर्धवट उठायचा आणि दुसरं कोणी उठलं नाही म्हणून पुन्हा बसायचा. कधी सगळे उठायचे आणि दारापाशी रांग लावून आज्ञेची वाट बघायचे. मग एका तासाला ती शिरांचं काम रंगवून सांगत असताना चिमणी उठली. हात वर न करता. बाईंकडे न बघता. बाकातून बाहेर पडली आणि दाराकडे चालू लागली, आणि तिच्या मागे एक, मग आणखी एक, मग सगळा वर्ग ओसंडून बाहेर. रिकाम्या वर्गात ती एकटी हातात खडू घेऊन उभी राहिली. आपला अपमान झाला असं मनाच्या एका जुन्या कोपऱ्याला वाटलं. बाकीचं मन मात्र त्या कोपऱ्यावर खेकसलं, गप्प बस.

मैदानावर तिने त्यांना वारा बघायला शिकवलं. चिमूटभर माती सोडायची, ती जिकडे जाते तिकडून हटायचं. वाऱ्याला आडवं चालायचं आणि मग वारा जिकडून येतो तिकडे. सखल जागी उतरायचं नाही, कारण पुष्कळसे वायू जड असतात, खड्ड्यात, नाल्यात साचून बसतात. सांडलेल्यात पाय घालायचा नाही, पाण्यासारखं दिसलं तरी. रस्त्यात पडलेला डबा, पिंप, बाटली उचलायची नाही, लाथ मारायची नाही, झाकण उघडून बघायचं तर नाहीच. अंगावर उडालंच तर ते कपडे उतरवायचे, लाज नंतर. आणि वाहत्या पाण्याखाली उभं राहायचं, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. "आणि बाहेर खूप मोठं काही झालं असेल, धुरात जाण्यावाचून रस्ताच नसेल, तर घरात शिरायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फटींत ओले कपडे कोंबायचे." एकाने विचारलं, "म्हणजे पळायचं का बसायचं, बाई?" ती म्हणाली, "ते तिथे बघून ठरवायचं. म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे." "आणि मोठ्यांना सांगायचं ना?" "सांगायचं. ओरडून सांगायचं. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला. पण त्यांचं ऐकून होईपर्यंत थांबायचं नाही." हे शेवटचं बोलताना तिचा आवाज चढला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मोठ्या माणसाने असं बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

व्हायचं ते झालं. गणिताचे सर तणतणत शिक्षकांच्या खोलीत आले. उंच, वाकलेला, मिश्या पिकलेला माणूस. शिकवण्यात कसूर नाही आणि विनोदाशी वैर. "टाचणीबाई, तुमच्या वर्गाला अपूर्णांक आले की वास येतो. दोनदा सगळे बाहेर. मी मैदानावर जाऊन गोळा करून आणले."

"मी बोलते त्यांच्याशी. खोटं उठायचं नाही म्हणून सांगते. पण सर, खोट्या वेळी उठले तर तुमचा तास बुडतो. खऱ्या वेळी बसून राहिले तर?"

"खऱ्या वेळी मी आहे ना तिथे?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. काकांसारखाच चेहरा दिसला, विश्वासाने भरलेला. याच्यावर रागवायचं कसं? त्यानंतर कोणाच्या तरी वडिलांनी मुख्याध्यापकांना गाठलं. ते गावाबाहेरच्या रसायनांच्या कारखान्यात होते, आणि ते कामावरून आले की मुलगी कपडे वेगळे टाका म्हणते, वारा कुठला आहे म्हणून विचारते, हे त्यांना झोंबलं होतं. बाई पोरांच्या मनात भीती भरतायत, आम्ही काय विष बनवतो? मुख्याध्यापकांनी तिला बोलावून समजावलं. दरवर्षी कारखान्याचे सुरक्षा अधिकारी येतात, चित्रं दाखवतात, छान कार्यक्रम होतो. तेवढं पुरे आहे. "भीती नाही, सर," ती म्हणाली, "भीती वाटली की माणूस गोठतो. मी त्यांना उठायला शिकवतेय." "तेच," मुख्याध्यापक म्हणाले, "तेच थांबवा."

कार्यक्रमाला सभागृह भरलं. पुढे मुलं, मागे पालक. सुरक्षा अधिकारी तरुण होता, घामेजलेला, आणि त्याच्या हातात हेल्मेट घातलेल्या बदकाची बाहुली होती. बदक चोच उघडून म्हणालं, "घाबरू नका!" मुलं म्हणाली, घाबरू नका. "जागा सोडू नका!" जागा सोडू नका. "सूचनेची वाट पाहा!" मुलांनी तेही म्हटलं, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या तिला जाणवलं की आपलेही ओठ हलतायत. सुरात सूर मिसळताना किती बरं वाटतं, किती ऊब असते त्यात. त्या पांढऱ्या धुक्यातही सुरुवातीला ऊबच वाटली होती. आपला हात कोणीतरी धरलाय, आपल्याला कोणीतरी सांगितलंय, आता आपलं काही काम नाही. तिच्या तळहातात ताईची बोटं रुतली, इतकी खरी की तिने खाली पाहिलं. हात रिकामा होता. ती उभी राहिली.

"एक विचारायचंय."

मुख्याध्यापकांनी दुरूनच बसण्याची खूण केली. अधिकारी हसून म्हणाला, "विचारा ना बाई."

"सूचना देणाऱ्यालाच कळलं नाही तर?"

"असं कसं होईल? मोठी माणसं असतात, शिक्षक असतात. वास आला की लगेच कळतं."

"मला वास येत नाही," ती म्हणाली. सभागृहात कुजबूज झाली, कोणीतरी हसलं. "आत्ताच नव्हे. कधीच येत नाही. लहानपणी मी एका उलटलेल्या टँकरपाशी जागा न सोडता उभी राहिले. माझ्या बहिणीबरोबर. आम्हाला तसं सांगितलं होतं. तिची छाती गेली, माझं नाक गेलं, आणि घरच्यांनी आमचं कौतुक केलं. मध्यंतरी माझ्या वर्गात क्लोरीन शिरला तेव्हा ही मुलं माझ्या सूचनेची वाट बघत नाक धरून बसली होती, आणि मी पानाचं चित्र काढत होते. तुमचं बदक त्यांना परत तेच शिकवतंय."

एवढं बोलूनही ती बसली नाही. बदकाची चोच उघडीच राहिली होती. तरुणाने हळूच हात खाली घेतला. मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, मग ही विज्ञान शिकवते कशी?" आणि दुसरा, "प्रयोगशाळा कोणाच्या ताब्यात आहे?" मुख्याध्यापक माइकपाशी जाऊन चहापानाची घोषणा करू लागले. तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं, एवढ्या वर्षांनी आपण त्या झाडाखालून एक पाऊल बाहेर टाकलं.

किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. व्यवस्थापन निर्णय घेईपर्यंत तिने ग्रंथालयात बसावं आणि वर्ग गणिताच्या सरांनी सांभाळावा, असं ठरलं. नवऱ्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी गुपचूप दूध हुंगतोय, आणि तू माइकसुद्धा न घेता सगळ्या सभागृहाला सांगून आलीस?" मग तो हसायला लागला, आणि ती रडायला, आणि थोड्या वेळाने दोघांची अदलाबदल झाली. ताई फोनवर म्हणाली, "काय बोललीस ते पुन्हा सांग. सगळं सांग. हळू सांग."

ग्रंथालय तळमजल्यावर, मैदानाकडे तोंड करून होतं. फाटक्या पुस्तकांना डिंक लावत ती बसे. मनात शंका येत. एकदा बदकाचं ऐकलं की मुलं विसरली असतील. मुलं आपली नाहीत, ती जो समोर उभा राहील त्याची असतात. मग मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसे, कोणीतरी खेळता खेळता वाकून माती उचलतंय, सोडतंय, आणि मान वळवून बघतंय.

त्या सकाळी शाळेच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर, टेम्पोतून निळी पिंपं घरंगळली. तिने आवाज ऐकला, पण रस्त्यावर आवाज होतच असतात. वर बघितलं तेव्हा समोरच्या इमारतीच्या दारातून चिमणी बाहेर येत होती. दप्तर नाही. तिच्या मागे वर्ग, काही धावत, काही एकमेकांचे हात धरून. आतून गणिताच्या सरांचा आवाज येत होता, "बसा! जागेवर बसा! कोणी सांगितलं उठायला?" चिमणी मैदानाच्या कडेला थांबली, वाकली, मूठ उघडली. माती शाळेच्या फाटकाकडे गेली. रोज सगळे त्याच फाटकाने जात. चिमणीने पाठ फिरवली आणि ती विरुद्ध बाजूला, पाण्याच्या टाकीमागच्या उंचवट्याकडे निघाली, आणि वर्ग तिच्या मागोमाग वळला. तेव्हा टाचणीबाईंना भिंतीवरून आत उतरणारा पांढुरका धूर दिसला. तशाच डिंकाच्या हातांनी ती धावत सुटली. एकेका वर्गाचं दार ठोठावत, "बाहेर! टाकीकडे! फाटकाकडे नाही!" आणि बऱ्याच वर्गांतली मुलं आधीच उठलेली होती, खिडकीतून चिमणीचा वर्ग जाताना बघून; त्यांच्या शिक्षकांना काय करावं कळत नव्हतं. गणिताचे सर सगळ्यात शेवटी आले. ते रिकाम्या वर्गातून फाटकाकडे मुलं शोधायला गेले होते. तोंडावर रुमाल, डोळे लाल, खोकून खोकून दुमडलेले. चिमणी आणि आणखी दोघींनी त्यांना नळाशी नेलं आणि त्यांच्या तोंडावर पाणी ओतत राहिल्या. "पुरे, पुरे गं," ते म्हणत होते. "नाही सर, अजून," चिमणी म्हणत होती.

अग्निशामक दलाचे लोक आले, रस्ता अडवला, पिंपांवर वाळू पडली. त्यांचा प्रमुख मैदान ओलांडून उंचवट्यापाशी आला. दम्याची दोन मुलं दवाखान्यात पाठवली होती, आणखी कोणी नाही, आणि त्याला ते खरं वाटत नव्हतं. "फाटकाकडून बाहेर काढली असती तर कठीण होतं," तो म्हणाला. "इकडे आणायचा हुकूम कोणी दिला?" मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "आमच्या शाळेत आपत्तीच्या वेळी—"

"कोणीच दिला नाही," ती म्हणाली. मोठ्याने, मुलांना ऐकू जाईल असं. "हुकूम बसायचा होता. ही मुलं आपली उठली."

प्रमुखाने मुलांकडे पाहिलं. कोणी मान खाली घातली नाही. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मग, बाकीच्यांना दिसेल न दिसेल याची पर्वा न करता, तिथेच मातीत बसून घेतलं. पलीकडून चिमणी आली आणि तिच्या शेजारी टेकली. काही विचारलं नाही. तिचे केस ओले होते. त्यांना कसला तरी वास असणार.

शाळा पुन्हा भरली तेव्हा मुख्याध्यापकांचा निरोप टेबलावर होताच: व्यवस्थापनाची बैठक व्हायची आहे, तोवर ग्रंथालयातच बसावं. तिने डिंकाची बाटली बंद केली, मैदान ओलांडलं, जिना चढली आणि आपल्या वर्गात शिरली. गणिताचे सर फळ्यापाशी होते. आवाज बसला होता, त्यामुळे फळ्यावर लिहूनच शिकवत होते. तिला पाहून ते थांबले, हातातल्या खडूकडे पाहिलं, तो तिच्यापुढे धरला आणि मागे जाऊन शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे दुमडून, बसले. शेजारच्या मुलाने त्यांना सरकून जागा दिली.

"सांडलेलं रसायन अंगावर उडालं तर," तिने सुरुवात केली, आणि लगेच मधूनच कोणीतरी, हात वर न करता, म्हणालं, "बाई, डोळ्यात उडालं तर?" "तेच सांगतेय. डोळा चोळायचा नाही." "पण चोळावासा वाटतोच," मागून घोगऱ्या आवाजात गणिताचे सर म्हणाले. वर्ग हसला. टाचणी पडली असती तर कोणाला कळलंही नसतं, इतका गलका झाला, आणि तिने तो होऊ दिला.

दारात शिपाई येऊन उभा राहिला. "बाई, मोठ्या सरांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"तास संपल्यावर येते म्हणावं," ती म्हणाली, आणि डोळ्यावर पाणी कसं मारायचं ते दाखवायला तिने मान तिरकी केली.